मोटारीचें पेडल व त्यावरील ॲल्युमिनियमचें आवरण

आपल्या साखरा गांवीं व सेनगांव तालुक्यांतील इतर गांवीं मोटारगाडी ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. सोयाबीन व हळद विकून चार पैसे गांठीस जमले, कीं नवी अथवा जुनी एखादी गाडी दारांत उभी करावी, असें पुष्कळ कुटुंबांस वाटूं लागलें आहे. आणि तें गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. गाडी आली म्हणजे तिच्या पाठोपाठ ती सजविण्याची हौस येते. बैठकींस नव्या खोळी, स्टिअरिंगला वेष्टण, पायांखालीं जाड चटई, हें सर्व ओघानेंच येतें. त्यांत अलीकडे आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे पेडलांवर बसविण्याचीं ॲल्युमिनियमचीं चकचकीत आवरणें. तीं दिसावयास सुबक असतात, खिशास फार जड पडत नाहींत, व थोडक्या वेळांत बसवितां येतात. म्हणून तरुण मंडळींस तीं फार आवडतात. हीं आवरणें वास्तविक काय काम करतात, त्यांपासून लाभ कोणता व धोका कोणता, आणि तीं घ्यावयाचींच असल्यास कशीं पारखावीं, याचा विचार ह्या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पेडल म्हणजे काय, हें नीट समजून घेऊं. साधारण गाडींत चालकाच्या पायांपाशीं तीन पेडलें असतात. डावीकडे क्लचचें, मध्यें ब्रेकचें व उजवीकडे वेग वाढविण्याचें, ज्यास आपल्याकडे 'रेस' म्हणतात. ज्या गाडींत गिअर आपोआप बदलतात, तींत क्लचचें पेडल नसतें. ही मांडणी मोटारीच्या जन्मापासून चालत आलेली नाहीं. सन १९०८ सालीं निघालेल्या फोर्ड कंपनीच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडींत पेडलें तीनच होतीं; परंतु डावें गिअरचें, मधलें गाडी मागें नेण्याचें व उजवें ब्रेकचें असे, आणि वेग हातानें कमीअधिक करीत. पुढें सन १९१६ च्या सुमारास कॅडिलॅकच्या गाडींत व सन १९२२ पासून विलायतेच्या 'ऑस्टिन सेव्हन' ह्या स्वस्त गाडींत आजची मांडणी आली, व हळूहळू ती जगभर रूढ झाली.

मांडणी सर्वत्र एकच असण्यांत मोठें शहाणपण आहे. गाडी चालवितांना डोळे रस्त्यावर असावे लागतात. पायांकडे पाहण्यास क्षणाचीही सवड नसते. म्हणजे पाय हा आंधळ्या माणसाप्रमाणें केवळ स्पर्शानें आपलें काम करतो. पेडल कोठें आहे, तें किती उंच आहे, त्याची कड कोठें संपते, तें घट्ट आहे कीं निसरडें, हें सर्व त्यास तळव्याच्या स्पर्शावरूनच ओळखावयाचें असतें. ही एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेविली, म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होईल. पेडलाच्या पृष्ठभागांत केलेला कोणताही फरक हा ह्या स्पर्शाच्या भाषेंत केलेला फरक होय.

आतां ब्रेकच्या पेडलाचें काम पाहूं. आपल्या विद्यार्थ्यांनीं तरफेचा नियम शिकलेला आहेच. जड धोंडा हलवितांना आपण पहारीचें टोंक त्याच्या खालीं घालतों, जवळच एक टेकू देतों, व पहारीच्या लांब बाजूवर भार देतों. थोड्या जोरानें मोठें वजन उचललें जातें. पेडल ही अशीच एक तरफ आहे. समजा, तिची लांब बाजू आंखूड बाजूच्या पांचपट आहे व चालकानें पायानें २० किलोचा भार दिला. तर आंत १०० किलोचा दाब पडतो. हा दाब ब्रेकच्या तेलावर पडतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, असा जो नियम सतराव्या शतकांत ब्लेझ पास्कल ह्या फ्रेंच गणितज्ञानें मांडला, त्या नियमानें तो दाब नळ्यांतून चारी चाकांपर्यंत जातो. सन १९२१ सालीं अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग कंपनीनें चारी चाकांस असे द्रवदाबाचे ब्रेक लावलेली मोटार बाजारांत आणिली. आजच्या बहुतेक मोटारींत इंजिनाच्या शोषणशक्तीचें किंवा विजेचें साहाय्यही त्यास मिळतें. परंतु ह्या सर्व साखळीचा पहिला दुवा कोणता? चालकाचा तळवा व पेडलाचा चार बोटांचा पृष्ठभाग यांची गांठ, हाच तो दुवा. तो निसटला तर पुढील यंत्र कितीही उत्तम असलें तरी तें स्वस्थ बसून राहतें.

तो दुवा निसटल्यास काय होतें, हें लहानशा गणितानें पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत १६ मीटरांहून थोडें अधिक अंतर तोडते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला ब्रेक दर सेकंदास सुमारें ७ मीटर इतका वेग कमी करतो, असें धरिलें, तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारें २० मीटरांत थांबेल. आतां समजा, पाय पेडलावरून घसरला व तो पुन्हा जागेवर येण्यास केवळ अर्धा सेकंद गेला. त्या अर्ध्या सेकंदांत गाडी ८ मीटर पुढें गेली. म्हणजे एरवीं जेथें ती पूर्ण थांबली असती, त्या ठिकाणीं तिचा वेग अद्यापि ताशीं ३९ किलोमीटर इतका असेल! त्या ठिकाणीं जर एखादें मूल, एखादी म्हैस किंवा उसाची गाडी उभी असेल, तर काय होईल तें सांगावयास नको. अर्धा सेकंद म्हणजे पापणी एकदोनदां लवण्यास लागणारा काळ. ब्रेकच्या पेडलावर काय बसवावें, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा राहत नाहीं.

आतां ह्या आवरणांच्या धातूकडे वळूं. ॲल्युमिनियम म्हणजे आपल्या घरांतील ज्या भांड्यांस आजीबाई 'जर्मल' म्हणतात, तोच धातु. सन १८२५ सालीं डेन्मार्कच्या ऑर्स्टेड ह्या शास्त्रज्ञानें तो प्रथम वेगळा केला. परंतु पुढें साठ वर्षें तो इतका महाग होता कीं सामान्य माणसाच्या हातीं तो येत नसे. सन १८८६ सालीं अमेरिकेंत चार्ल्स हॉल व फ्रान्सांत पॉल हेरू ह्या दोघां तरुणांनीं, एकमेकांची ओळख नसतां, विजेच्या साहाय्यानें तो स्वस्त काढण्याची एकच रीति शोधून काढिली. दोघांचाही जन्म सन १८६३ चा, हा योगायोग आमच्या विद्यार्थ्यांस मौजेचा वाटेल. एक घनसेंटिमीटर लोखंडाचें वजन ८ ग्रॅमच्या जवळपास, तर तेवढ्याच ॲल्युमिनियमचें २.७ ग्रॅम, म्हणजे तो लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच जड. शिवाय हवेंतील प्राणवायूनें त्यावर एक अतिशय पातळ व घट्ट थर बसतो, तो आंतील धातूचें रक्षण करतो. त्यामुळें लोखंडाप्रमाणें तो गंजत जात नाहीं. हलका, न गंजणारा व सहज कापतां-वळवितां येणारा, असे तीन गुण त्याच्या अंगीं आहेत.

ह्या गुणांमुळेंच शर्यतीच्या मोटारींत ॲल्युमिनियमचीं पेडलें आलीं. तेथें प्रत्येक ग्रॅम वजन कमी करावयाचें असतें, म्हणून मूळ पेडलच त्या धातूचें करतात व त्यास भोकेंही पाडतात. बाजारांतील आवरणांवर जीं भोकें दिसतात, तीं ह्या शर्यतीच्या पेडलांच्या अनुकरणानें आलेलीं आहेत. परंतु येथें एक भेद ओळखिला पाहिजे. आपण आवरण घेतों तेव्हां मूळ लोखंडी पेडल काढून टाकीत नाहीं. त्याच्यावर आणखी एक पत्रा चढवितों. म्हणजे वजन कमी न होतां किंचित् वाढतेंच. तेव्हां हलकेपणाचा लाभ येथें मुळींच नाहीं. उरतो तो शोभेचा लाभ. आणि आवरण चांगलें असल्यास झिजलेल्या रबराच्या जागीं नवी पकड मिळण्याचा लाभ. हा दुसरा लाभ मात्र खरा आहे.

पोळ्याच्या दिवशीं आपण बैलांचीं शिंगें रंगवितों, अंगावर झूल घालितों, गळ्यांत घुंगुरमाळा बांधितों. ती शोभा होय. ती कमीअधिक झाल्यानें शेताच्या कामास बाध येत नाहीं. परंतु बैलाच्या खुरांस नाल ठोकावयाची असते, तेव्हां शेतकरी ती कशी चमकते हें पाहत नाहीं. ती खुरास बरोबर बसली कीं नाहीं, खिळा पक्का आहे कीं नाहीं, कठीण सडकेवर बैल घसरणार तर नाहीं ना, हें तो पाहतो. मोटारीच्या बैठकीची खोळ ही झूल आहे. पेडलावरील आवरण ही नाल आहे. खोळ निवडतांना डोळ्यास विचारावें; आवरण निवडतांना पायास विचारावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.

मोटारीच्या इतिहासांतही ह्याचें एक सुंदर उदाहरण आहे. सन १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत कार्ल बेंझ ह्या जर्मन संशोधकाची पत्नी बर्था बेंझ हिनें आपल्या दोघां मुलांस बरोबर घेऊन पतीनें बनविलेल्या मोटारींतून मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारें १०० किलोमीटरांचा प्रवास केला. इतका लांबचा मोटारप्रवास तोंपर्यंत कोणी केला नव्हता. वाटेंत उतारावर ब्रेकचे लांकडी ठोकळे झिजूं लागले. तेव्हां त्या बाईनें एका खेड्यांतील चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले, व ब्रेक पुन्हा धरूं लागला. मोटारीवर तेंही एक आवरणच चढविलें गेलें. परंतु तें पकड वाढावी म्हणून, शोभेसाठीं नव्हे.

आतां पकड कशानें येते तें पाहूं. कंपनीकडून येणाऱ्या ब्रेक व क्लचच्या पेडलांवर बहुधा रबराची खोळ असते. रबर मऊ असल्यामुळें पायाच्या भारानें तें किंचित् दबतें, बुटाच्या तळाच्या उंचसखल भागांत शिरतें व त्यास धरून ठेवतें. गुळगुळीत धातु तसा दबत नाहीं. आणि त्यावर पाणी किंवा चिखल आला म्हणजे तळवा व धातु यांच्यामध्यें एक निसरडा थर तयार होतो. आमच्या भागांतील काळ्या जमिनीचा चिखल कसा असतो, हें येथील वाचकांस सांगणें नको. मृगाचा पाऊस पडल्यावर शेतांतून येणाऱ्या माणसाच्या पायतणास तो थरावर थर चिकटतो. तसाच पाय घेऊन माणूस गाडींत बसला, व पेडलावर सपाट चकचकीत पत्रा असला, तर तो पाय कोठें जाईल याचा नेम नाहीं. म्हणून चांगल्या आवरणांवर धातूच्या भोकांतून वर आलेल्या रबराच्या गुट्या बसविलेल्या असतात. खरी पकड त्या गुट्यांची असते, धातूची नव्हे. त्या गुट्या झिजून धातूच्या पातळीस आल्या, कीं आवरण कितीही नवें दिसो, त्याचें आयुष्य संपलें असें समजावें.

मात्र धातु म्हणजे निसरडाच असें नाहीं. ट्रॅक्टरचें ब्रेकचें पेडल पाहावें. पुष्कळ ट्रॅक्टरांत तें उघड्या लोखंडाचेंच असतें, परंतु त्यावर ठळक उंचवटे किंवा दांते असतात. चिखल त्यांच्यामधील खोबणींत उतरतो व उंचवटे पायतणांत रुततात. तेव्हां दोष धातूचा नसून सपाटपणाचा आहे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

दुसरी गोष्ट उष्णतेची. आपल्याकडे चप्पल काढून अनवाणी पायानें गाडी चालविण्याची पुष्कळांस सवय आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता रबरापेक्षां हजार पटींहून अधिक सुलभतेनें वाहते. वैशाखांत उन्हांत उभी राहिलेली गाडी उघडून त्या धातूवर अनवाणी पाय ठेविला, तर चटका बसून तो आपोआप मागें येतो. ब्रेकवरून पाय आपोआप मागें येणें, ही गोष्ट किती घातक आहे, हें वर केलेल्या गणितावरून कळेलच.

तिसरी गोष्ट उंचीची व रुंदीची. पुष्कळ गाड्यांत ब्रेकचें पेडल वेगाच्या पेडलापेक्षां थोडें वर ठेविलेलें असतें, व दोहोंमध्यें कांहीं अंतर असतें. एका पायानें दोन्ही एकदम दाबलीं जाऊं नयेत, हा त्यांत हेतु असतो. आवरण जाड असलें तर ही उंची बदलते. रुंद असलें तर मधलें अंतर कमी होतें, व जाड बुटाची कड शेजारच्या पेडलास लागते. ब्रेक दाबण्यास गेलेला पाय त्याच वेळीं वेगही वाढवूं लागला, तर चालक गोंधळून जातो.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आवरण बसविण्याची रीति. बाजारांत तीन रीति दिसतात. कांहीं आवरणें दुहेरी चिकटपट्टीनें चिकटवितात. उन्हाच्या तापानें व धुळीनें ती पट्टी सैल होते. कांहीं आवरणें मागून पट्ट्या व स्क्रू लावून आवळतात. गाडीच्या सततच्या हादऱ्यांनीं हे स्क्रू हळूहळू सुटूं लागतात. कांहीं ठिकाणीं मूळ पेडलासच भोकें पाडून नटबोल्ट घालतात. ब्रेकच्या पेडलास असें भोंक पाडणें म्हणजे त्याचें बळ कमी करणें होय, आणि वेगाचें पेडल हल्लीं बहुधा प्लॅस्टिकचें असल्यानें तें तडकण्याची भीति असते. शिवाय लोखंडी स्क्रू व ॲल्युमिनियम एकत्र येऊन त्यांवर ओल राहिली, कीं त्या दोन धातूंमध्यें लहानशी विद्युत्‌घटमालाच तयार होते, व ॲल्युमिनियम स्क्रूच्या भोंवतीं खाल्ला जातो. कोंकणच्या खाऱ्या हवेंत ही झीज अधिक लवकर होते. ह्या सर्वांपेक्षां, त्याच गाडीच्या कंपनीनें त्याच पेडलासाठीं बनविलेलें व जुन्या रबरी खोळीच्या जागीं घट्ट बसणारें आवरण पुष्कळ बरें.

सुटलेलें आवरण काय करूं शकतें, ह्याचें अगदीं अलीकडचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. एप्रिल २०२४ मध्यें टेस्ला कंपनीस आपल्या 'सायबरट्रक' नांवाच्या ३,८७८ गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. कारण काय, तर वेगाच्या पेडलावरील आवरण बसवितांना तें सहज सरकावें म्हणून कारखान्यांत साबण वापरण्यांत आला होता. त्याचा अंश मागें राहिल्यानें आवरणाची पकड कमी झाली. तें वर सरकून पेडलाच्या वरच्या बाजूच्या अस्तरांत अडकूं शकत होतें, आणि तसें झाल्यास पेडल दाबलेलेंच राहून गाडी भरधाव जाण्याचा संभव होता. त्यापूर्वीं, सन २००९ सालीं, टोयोटा कंपनीनें अमेरिकेंतील सुमारें ३८ लाख गाड्यांच्या मालकांस चालकाच्या पायांखालील चटई काढून ठेवण्याची सूचना दिली होती. कारण चुकीची किंवा नीट न अडकविलेली चटई पुढें सरकून वेगाच्या पेडलास धरून ठेवीत असे. जेथें मोठमोठे कारखाने व निष्णात यंत्रशास्त्रज्ञ यांच्या हातून असें होऊं शकतें, तेथें रस्त्याकडेच्या दुकानांत घाईनें बसविलेल्या पत्र्याविषयीं किती सावध असावें, याचा विचार पालकांनींच करावा.

आपल्या देशांतही नवी गाडी विक्रीस येण्यापूर्वीं तिच्या निरनिराळ्या परीक्षा घेतल्या जातात. पुणें येथें सन १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था हें कार्य करणाऱ्यांपैकीं एक प्रमुख संस्था होय. त्या परीक्षा गाडी कारखान्यांतून जशी निघते तशा स्थितींत होतात. मागाहून आपण बसविलेल्या आवरणाची परीक्षा कोणीच घेतलेली नसते. ती आपणांसच घ्यावी लागते. आणि ती कशी घ्यावी, तें आतां सांगतों.

आवरण घेतांना त्याच्या रबरी गुट्या धातूच्या पातळीहून स्पष्ट वर आल्या आहेत कीं नाहींत, हें बोटानें चांचपून पाहावें. त्याची कड मूळ पेडलाच्या बाहेर येऊं देऊं नये. बसविण्यापूर्वीं पेडलावरील तेल, धूळ व ओल पूर्ण पुसून काढावी. बसविल्यावर गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद ठेवून, आवरण दोन्ही हातांनीं ओढून व पिळून पाहावें. तें केसभरही हललें तर काढून टाकावें. नंतर प्रत्येक पेडल हातानें अगदीं तळापर्यंत दाबून सोडावें. तें कोठेंही न अडकतां तत्काळ वर आलें पाहिजे. चटई व पेडल यांमध्यें मोकळी जागा आहे कीं नाहीं, हेंही त्याच वेळीं पाहावें. जो माणूस गाडी चालविणार, त्यानें आपलें नेहमींचें पायताण घालून, एकदां कोरड्या व एकदां ओल्या तळव्यानें, तिन्ही पेडलांवर पाय फिरवून पाहावा. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर अगदीं सावकाश गाडी नेऊन ब्रेक लावून पाहावा. आणि महिन्यांतून एकदां, टायरांतील हवा पाहतांना, हे स्क्रू व गुट्याही पाहाव्या.

इतकें करण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांस आमची सूचना अधिक सोपी आहे. कंपनीची मूळ रबरी खोळ झिजली असेल तर तशीच नवी आणून बसवावी. ती फार थोड्या पैशांत मिळते; दिसावयास काळी व साधी असते; पण तिचें माप, तिची जाडी व तिची पकड त्या पेडलासाठींच ठरविलेली असते. पावसाळ्यांत गाडींत बसण्यापूर्वीं पायतणाचा चिखल झटकावा व पेडल फडक्यानें पुसावें, ही संवय तर सोन्याचें आवरण घेतलें तरी सोडूं नये.

हौस ही वाईट वस्तु आहे असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. स्वतःच्या कष्टांच्या पैशांतून घेतलेली गाडी नीटनेटकी दिसावी, असें कोणास वाटणार नाहीं? परंतु साखऱ्याहून हिंगोलीस जातांना त्या गाडींत मागें आई बसलेली असते, बाजूस धाकटी बहीण असते, आणि रस्त्यानें दुसऱ्याचीं मुलें शाळेस जात असतात. त्या सर्वांचा भरंवसा चालकाच्या पायाखालच्या त्या चार बोटांच्या जागेवर असतो, व त्यांपैकीं कोणासही ती जागा दिसत नाहीं. आज ना उद्यां आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळ जण वयांत आल्यावर व परवाना मिळाल्यावर गाडी चालवितील. त्यांनीं गाडी अवश्य सजवावी. मात्र पायाखालची जागा सजवितांना ती आधीं पक्की आहे ना, एवढें आपल्या हातानें पाहून मगच किल्ली फिरवावी, अशी आमची त्यांस व त्यांच्या पालकांस आग्रहाची विनंति आहे.